डावा गाल

१२ जानेवारी

ताई,

अक्षर ओळखलंस ना? मग लगेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड, म्हणजे निदान माझी शाई वाया जायची नाही.

मी बरी आहे. घरही बरं आहे. मागच्या खोलीचं छप्पर गळायचं ते दुरुस्त करून घेतलं. तुझं कपाट जिथल्या तिथे आहे, फक्त त्याचं दार आता नीट लागत नाही.

पत्राला कारण मात्र माझं नाही, शेजारणीचं आहे. तिच्या तोंडात काहीतरी झालंय. जिभेच्या कडेला, डावीकडे, एक पांढरट चट्टा आहे आणि तो आतून गालाकडे सरकलाय. दुखत नाही म्हणते. मी तिला म्हटलं, थांब, माझ्या वडिलांचं सगळं माझ्या ताईने केलं, तिला विचारते. तर एवढं कळव: बाबांचं सुरुवातीला कसं होतं? दुखायचं का? आणि तू त्यांना चूळ भरायला जे पाणी द्यायचीस त्यात मिठाशिवाय काय घालायचीस?

माझ्या कामाचं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. दुकान तेच, मागची खोली तीच, खिडकीजवळची बाबांची खुर्चीही तीच. तू तिकडे लोकांना सांगत असशील, आमच्या धाकटीला धूर काढायचा पगार मिळतो म्हणून. सांग, खरंच आहे ते. तंबाखूचा नवा पाइप म्हणजे नुसतं लाकूड. सुरुवातीला कडू लागतो, जीभ पोळतो, आणि घाई केली की आतून जळून फुकट जातो. आधी टोकाची वाटी तंबाखूने थोडीशीच भरायची, मग निम्मी, मग काठोकाठ. सावकाश ओढायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा ओढायचा. असं करत आत काजळीचा पातळ थर धरला की पाइप मुरला. श्रीमंत गिऱ्हाइकाला तो कडवटपणा नको असतो, त्याला थेट गोडी हवी असते. कडू ते आधी बाबांच्या वाट्याला होतं, आता माझ्या आहे.

वाटी किती तापली ते बघायची बाबांची रीत तुला आठवत असेल. क्षणभर गालाला टेकवायची. गालाला सोसवेना झालं की पाइप खाली ठेवायचा, मग मालक येवोत नाहीतर राजा येवो. ते डावा गाल लावायचे. मीही डावाच लावते.

शेजारणीचं तेवढं लवकर कळव. तिचा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
कोण ते तुला माहीत आहे


३० जानेवारी

ताई,

कार्ड मिळालं. 'शेजारणीला डॉक्टरकडे पाठव. आजच.' बस. कशी आहेस नाही, जेवतेस का नाही. तरी ते कार्ड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले ती दूध उतू जाईपर्यंत.

शेजारीण काही जात नाही. भित्री भागूबाई आहे. म्हणते, डॉक्टरांनी बघितलं नाही तोवर काही झालेलं नाही, एकदा बघितलं की झालं. मी म्हटलं, अगं, डोळे मिटून दूध प्यायलं म्हणून मांजर दिसायचं राहतं का? तर हसली. पण ताई, हल्ली तिला चहात साखर आहे की नाही ते कळत नाही. परवा मीठ घातलेला चहा अर्धा कप प्यायली. बाबांना असं व्हायचं का? हे पण कळव.

दुकानात सध्या एका बाईंच्या पाइपाचं काम चाललंय. बाईंचे यजमान नोकरीतून निवृत्त होणार आहेत, त्यांना भेट द्यायचीय. बाई मालकांना म्हणाल्या, "त्यांना कडू अजिबात चालत नाही हो. कारल्याचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात." मी आतून ऐकत होते. मनात म्हटलं, असा माणूस संसारात कसा टिकला?

पाइप मात्र बघत राहावा असा आहे. आमच्या कारागिराने केलाय. तू गेल्यानंतर आला तो. लाकडाला भोक पाडताना सारखा गुणगुणतो म्हणून आम्ही त्याला भुंगा म्हणतो, आणि तोही त्या नावाला ओ देतो. लाकडाच्या रेघा त्याने अशा काही साधल्या आहेत की वाटीवर ज्योत उभी राहिल्यासारखी दिसते. माझ्या हातात देताना म्हणाला, "हा बिघडवू नका हां, माझं वर्ष गेलंय या लाकडाचा शोध घेण्यात." मी म्हटलं, "बिघडवायला मी काय तुझी सून आहे?"

बाकी ठीक. इस्त्री करताना डाव्या गालाला थोडं भाजलंय. काळजीचं कारण नाही.

तुझी


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं कार्ड समोर आहे. 'तुझ्या एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला गल्ली. शेजारीण कुठून आणलीस? आणि इस्त्री गालाला लागत नाही. खरं लिही.'

लहानपणीही तू असंच करायचीस. मी बरणीतून काही पळवलं की ओरडायची नाहीस, नुसती झाकणाकडे बघायचीस.

बरं. शेजारीण नाही. तोंड माझं आहे.

गालाचं सांगते. मागचं पत्र लिहिलं तेव्हा हे होऊन गेलं होतं, मी लपवलं. तो बाईंचा पाइप मुरत आला होता. त्या दुपारी पहिल्यांदाच वाटी काठोकाठ भरली होती. मी दांडीला धरून ओढत होते. वाटीला बोटं लावायची नाहीत, घामाचे डाग पडतात, ही मालकांची शिस्त. मधूनमधून गालाला टेकवत होते. चटका नाही. आणखी ओढला. पुन्हा टेकवला, चटका नाही. मला वाटलं, वा, काय लाकूड आहे, तापतच नाही! भुंग्याचं कौतुक करायचं असं ठरवूनही टाकलं.

भुंगा बाहेरच्या खोलीत गुणगुणत होता. एकदम त्याचं गुणगुणणं थांबलं. दारात येऊन नाक वर करून म्हणाला, "काय जळतंय?"

"तंबाखू जळतोय," मी म्हटलं. "त्याचाच पगार घेते मी."

"तंबाखू नव्हे. लाकूड."

पुढे येऊन त्याने माझ्या हातातून वाटी धरून पाइप घेतला आणि "आई गं!" म्हणून टाकूनच दिला. खाली पडला तेव्हा मला बुड दिसलं. काळं पडलं होतं, त्याची ती ज्योत आतून करपून गेली होती. एवढी वर्षं त्या खुर्चीत बसून मी एकही पाइप जाळला नव्हता. मी पाइपाकडे बघत होते आणि तो माझ्याकडे.

"तुम्हाला चटका नाही बसला?" त्याने विचारलं.

"कुठे?" मी म्हटलं.

 त्याने आपल्या टेबलावरचा छोटा आरसा आणून माझ्यासमोर धरला. डाव्या गालावर रुपयाएवढा लाल डाग होता आणि त्यावर फोड धरत होता. ताई, मी तो आरशात पाहिला तेव्हा मला तो माझा वाटलाच नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी गालावर बघावा तसा बघत राहिले. 

घरी येऊन दार लावलं आणि सुई घेतली. उजव्या गालाला टोचली तर ओरडले. डाव्या गालाला टोचली ती टोचली गेल्याचं आरशात बघून कळलं. मग चमचा बर्फाच्या पाण्यात बुडवून लावला, गरम करून लावला. ओठाच्या कोपऱ्यापर्यंत काहीच नाही. जीभही त्या बाजूला मेल्यासारखी. मी खाली बसले आणि भिंतीला टेकून नुसती बसून राहिले. मला भीती वाटते गं. एवढी भीती मला बाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा तू होतीस.

भुंग्याने मालकांना सांगितलं, लाकडात भेग होती, माझीच नजर चुकली. ज्या माणसाला त्याच्या लाकडाविषयी कुणी ब्र काढलेला खपत नाही, तो असं बोलला. मालक त्याला टाकून बोलले आणि त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. मी दाराआड उभी होते. मी पुढे झाले नाही.

बाबांचं असंच होतं का? तू रोज सकाळी टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडात बघायचीस आणि बाहेर येऊन म्हणायचीस, "आज जरा बरं आहे." मी विश्वास ठेवायचे. खरंच बरं असायचं, की तू माझ्यासाठी म्हणायचीस?

तुझी


१९ फेब्रुवारी

ताई,

गेले होते. तू रागावायच्या आधी सांगते, गेले होते.

भुंगा सोबत आला. त्याने सुट्टी घेतली आणि मालकांना सांगितलं, सासरा आजारी आहे. त्याचा सासरा कधीच वर गेलाय. दवाखान्यात बाकावर बसलो. भिंतीवर दातांचं मोठं चित्र होतं, सगळे दात लालगुलाबी हिरड्यांत कसे हसत बसलेले. माझा नंबर यायचा होता. समोर एक गृहस्थ बसले होते. तोंडाला रुमाल धरून. त्यांची बायको त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते मान हलवत होते, हो, नाही, हो. मग त्यांना काहीतरी सांगायचं होतं, मानेने सांगता येईना असं. त्यांनी रुमाल काढला आणि आवाज केला. बायकोला कळला. तिने पिशवीतून चष्मा काढून दिला. मला मात्र तो आवाज ऐकवला नाही.

मी उठले. भुंग्याला म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि घरापर्यंत थांबले नाही. तो बिचारा तिथे माझी चप्पल धरून बसला होता. हो, चप्पलही आत विसरले. संध्याकाळी घेऊन आला. दारातच ठेवली आणि म्हणाला, "उद्या घालून याल का पुन्हा?" मी म्हटलं, बघू. तो गेला तेव्हा गुणगुणत नव्हता.

तू मला बडबडी म्हणायचीस. जिभेला हाड नाही म्हणायचीस. ताई, मी एकटी राहते. घरात माझ्याशी बोलणारी मीच. भाजीवाल्याशी भांडते, मालकांना टोमणे मारते, भुंग्याची थट्टा करते, आणि घरी आले की भांड्यांना नावं ठेवते. तो आवाजच गेला तर माझ्याजवळ राहतं काय? मरणाची भीती आहे, नाही असं नाही. पण मी त्या रुमालवाल्या गृहस्थांसारखी बसलेली मला दिसते, आणि माझ्या शेजारी पिशवी घेऊन कुणीच बसलेलं नसतं.

तू जाताना काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "ज्या खुर्चीने त्यांना खाल्लं तिच्यात तू बसायला निघालीस. आता पुन्हा कुणाच्या तोंडात मी बघणार नाही. तुझ्या तर नाहीच." मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, मला दुसरं काही येत नव्हतं आणि ते काम मला आवडायचं. त्यात चूक होती असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. पण एक मागते. डॉक्टरांच्या आधी तू बघ. एकदाच. तू बघून जे म्हणशील ते मी ऐकेन. खोटं बोललीस तरी चालेल.

येशील?

तुझी


३ मार्च

ताई,

पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो. आज विजेचं बिल तेवढं आणलं.

येऊ नकोस. मी उगाच लिहिलं. तुलाही आता जिने चढवत नसतील. चट्टा आहे तेवढाच आहे, वाढला नाही. मी रोज बघते.

दोनदा वाचलं, आणि हे खोटं आहे हे तुला कळणारच. राहू दे. पाठवते.


२ एप्रिल

ताई,

या पत्राला तिकीट लागणार नाही. तू दवाखान्यात माझ्या खाटेसमोर खुर्चीत बसली आहेस आणि संत्रं सोलते आहेस, जे मला खायचं नाही. तूच खाणार आहेस. खा. वहीतलं पान फाडून देते, ते वाचून माझ्याकडे बघू नकोस, म्हणजे मला पुढचं लिहिता येईल.

तू आलीस ती सकाळ मला पुन्हा पुन्हा आठवते. मी दार उघडलं तर तू. हातात पिशवी, केस सगळे पांढरे. मला वाटलं, रडशील, नाहीतर निदान ओरडशील. तू आत आलीस, पिशवी ठेवलीस, मोरीत जाऊन हात धुतलेस, कपाट उघडून बाबांचा टॉर्च काढलास. सेल तू येतानाच घेऊन आली होतीस. माझी हनुवटी धरून मला खिडकीकडे वळवलंस आणि म्हणालीस, "आ कर, बडबडे."

मी आ केला. तू बघितलंस. खूप वेळ बघितलंस.  मी वाट बघत होते, आता म्हणशील, बरं आहे जरा. तू टॉर्च विझवलास आणि म्हणालीस, "चप्पल घाल."

त्याक्षणी मला कळलं, बाबांच्या वेळी तू रोज माझ्यासाठीच खोटं बोलत होतीस. या वेळी बोलली नाहीस. मी इतकी घाबरले की निमूटपणे चप्पल घातली.

शस्त्रक्रियेच्या आधी मला तुला बरंच काही सांगायचं होतं. तू मला सांगू दिलं नाहीस. म्हणालीस, "उगाच निरोप घेतल्यासारखं करू नकोस." म्हणून मी नर्सशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. माझ्या आधीच्या जिभेने बोललेली शेवटची गोष्ट म्हणजे, "आज उकडतंय, नाही?" एवढी मोठी बडबडी आणि शेवट असा. हसू नकोस, टाके मला आहेत, तुला नाहीत, पण तू हसलीस की मलाही हसू येतं आणि मग ताणतात.

डॉक्टर म्हणतात, जिभेची कड आणि गालाचा आतला भाग काढलाय, बाकी जीभ आहे. शिकले तर बोलेन. कसं बोलेन ते सांगत नाहीत. मानेतल्या गाठींचा तपास यायचाय. तू रोज बाहेर जाऊन त्यांना विचारून येतेस आणि आत येऊन म्हणतेस, "अजून आला नाही." त्या वेळी मी तुझ्या चेहऱ्याकडे बघते. मला वाटतं, खरंच आलेला नाही. पण दरवेळी तू दार उघडतेस तेव्हा मी आधी तुझे हात बघते, कागद आहे का म्हणून. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

भुंगा काल येऊन गेला. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. त्याने बाईंसाठी दुसरा पाइप केला आणि तो न मुरवताच त्यांच्याकडे गेला. आता यजमान रोज दुकानात येऊन विचारतात, "अजून किती दिवस कडू लागणार?" आणि भुंगा सांगतो, "लागू द्या साहेब, ज्याचा पाइप त्याने मुरवावा." मालकांनी विचारलंय, खुर्ची रिकामी ठेवू की कुणी बसवू? हे मी तुला लिहून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "जाळा म्हणावं ती खुर्ची." भुंग्याला मी हे कळवणार नाही. त्याला चांगल्या लाकडाचं वाईट वाटतं.

आता हे शेवटचं, आणि हे वाचून उठू नकोस.

मघाशी तू हात पुसलेस, इकडे आलीस आणि पट्टीच्या वर, डाव्या गालावर तळवा ठेवलास. विचारलंस, "कळतंय?" मी मान हलवून हो म्हटलं. तुझ्या चेहऱ्यावर एवढं बरं वाटलेलं दिसलं की मी पुन्हा एकदा मान हलवली.

ते खोटं होतं, ताई. गालाला काहीच कळलं नाही. तुझा हात तिथे आहे हे मला फक्त दिसत होतं.

पण तू तो काढून घेतलास तेव्हा मला भीती वाटली. संत्रं संपलं की पुन्हा ठेव.